'दुष्काळ' ते 'आपत्ती व्यवस्थापन' : काही शब्दांचा इतिहास

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक लहानसा कायदा संमत केला. राज्य होऊन तीनच वर्षे झाली होती. ह्या कायद्याने कोणाला शिक्षा ठरविली नाही, कोणावर कर बसविला नाही, की नवी कचेरी उघडली नाही. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून एक शब्द काढून टाकावयाचा, एवढेच त्याचे काम. तो शब्द इंग्रजी 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ. कारण असे दिले होते की, शेतीच्या परिस्थितीवर सरकारची सदैव नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा दुष्काळ पडावयास आता वावच उरलेला नाही. 'फॅमिन' गेला आणि कारभारात 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द राहिला.

त्यानंतर नऊ वर्षांनी पाऊस फसला. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. सरकारी कागदात ती टंचाईची कामे. लोकांच्या तोंडी मात्र तो बहात्तरचा दुष्काळ, आणि अजूनही तोच. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन वाढलेली माणसे आज ह्या मंडपातही बसलेली असतील. 'बहात्तरची टंचाई' असे म्हणणारी आजीबाई मला तरी अजून भेटावयाची आहे.

'आपत्ती व्यवस्थापन' ह्या नव्या धंद्याविषयी मी आपणांपुढे बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला सांगितले, तेव्हा मला हा कायदा प्रथम आठवला. धंदा हा शब्द मी आदराने वापरतो. वकिली हा धंदा, वैद्यकी हा धंदा, तसा हाही आता एक धंदा झाला आहे. त्याला विद्यापीठांच्या पदव्या आहेत, संस्था आहेत, स्वतःची परिभाषा आहे. मी काही त्यातला पदवीधर नव्हे. माझी शाळा सुटली लवकर आणि पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांच्या मसुद्यांवर. पण त्या शाळेत एक गोष्ट पक्की शिकावयास मिळते, ती ही की कागदावरचा शब्द बदलला की माणसाच्या हातात पडणारा रुपया बदलतो. दिवाळीला मालक देतो त्याला 'बक्षीस' म्हटले, तर ती त्याची मर्जी. देईल किंवा न देईल. त्यालाच 'बोनस' म्हटले की तो मागता येतो, त्यासाठी कोर्टात जाता येते. पाकिटातली नोट तीच असते. म्हणून ह्या धंद्याच्या शब्दांकडे मी त्याच नजरेने पाहणार आहे. कोणत्या शब्दाने कोणाचे देणे ठरले आणि कोणत्या शब्दाने ते बुडाले, एवढेच मला पाहावयाचे आहे.

येथे आपल्या भाषेची एक अडचण सांगून टाकतो. इंग्रजीत पाऊस न पडणे ह्याला एक शब्द आहे, 'ड्रॉट'. आणि अन्नावाचून माणसे मरू लागणे ह्याला दुसरा, 'फॅमिन'. आपल्या शेतकऱ्याने दोहोंना 'दुष्काळ' म्हटले. अवर्षण हा शब्द आहे, पण तो पुस्तकातला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्यात चूक काहीच नाही. पाऊस गेला की पीक गेले, पीक गेले की मजुरी गेली, मजुरी गेली की चूल विझली. त्याला ही एकच साखळी दिसते. कायद्याला मात्र ती तोडून पाहावयाची असते, कारण कोणत्या कडीपासून सरकारची जबाबदारी सुरू होते हे त्याला ठरवावयाचे असते.

आता दीडशे वर्षे मागे चला. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा, विजापूर ह्या सगळ्या पट्ट्यात हाहाकार उडाला. मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल ह्या बड्या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठविले. ह्याच टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च करून माणसे वाचविली होती आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका खाल्ला होता. ह्या वेळी त्यांनी हात आखडला. पुरुष मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे आणि वर किरकोळ पैसे, असा हिशेब त्यांनी मांडला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी सांगून पाहिले की, राबणाऱ्या माणसाला दीड रत्तलाखाली चालणार नाही, तो झिजत जाऊन मरेल. टेंपलसाहेबांचे म्हणणे, प्रयोग करून पाहू. एक रत्तल म्हणजे आपल्या आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची.

मग दख्खनच्या कामांवर काय झाले ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही, म्हणून सांगतो. मजुरांनी काम सोडले. मजुरी कमी झालेली, त्यातच गावाजवळच्या लहान कामांवरून उठवून लांबच्या मोठ्या कामांवर पाठविण्याचे हुकूम सुटलेले. माणसे हजारांनी कामावरून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठविली आणि मजुरांची बाजू मांडली. मुंबईच्या गिरण्यांत संघटना उभी राहण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी, अन्न मिळण्याचे एकच ठिकाण होते त्या ठिकाणी, केलेला हा संप. आमच्या चळवळीच्या पुस्तकांत संपांची यादी गिरणीपासून सुरू होते. ती खडीच्या ढिगापासून सुरू व्हावी असे माझे मत आहे.

सरकारच्या बाजूने ह्या संपाकडे पाहिले की शब्दांची गंमत दिसते, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर. सरकारच्या लेखी ही मजुरी नव्हतीच, ती होती 'रिलीफ', म्हणजे मदत. आणि मदत घेणारा संप कसा करील? भिकाऱ्याने भीक कमी पडली म्हणून रुसावे, तसे ते सरकारला वाटले. मजुराला वाटले, मी दगड फोडतो, रस्ता होतो आहे, माझे दाम टाका. दोघांच्या मध्ये एक रस्ता तयार होत होता आणि त्याला एका बाजूने धर्मादाय म्हणत होते, दुसऱ्या बाजूने काम.

१८७८ साली दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ साली नमुन्याची दुष्काळ-संहिता तयार झाली. तिच्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता निघाल्या. आपत्ती व्यवस्थापनाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेपासून आरंभ करतात. मला विचाराल तर ह्या धंद्याचा पहिला पक्का ग्रंथ ही संहिता होय. पाऊस लांबला तर कलेक्टराने काय पाहावयाचे, धान्याचे भाव कितीवर गेले की सावध व्हावयाचे, लोक गाव सोडू लागले की कोणाला कळवावयाचे, हे सर्व त्यात लिहून ठेवले. आधी चाचणीचे काम काढावयाचे. त्यावर लोक आले तर समजावयाचे की खरोखरच गरज आहे. मग मोठी कामे. म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या ह्यांना कामावाचून मदत. शेतसाऱ्याची तहकुबी, पुढे सूट, बैलबियाण्याला तगाई. टंचाईच्या जवळ आलेली स्थिती, टंचाई आणि दुष्काळ अशा पायऱ्याही त्यातच पाडल्या. आज पूर्वसूचना, पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन म्हणून जे शिकवितात, त्यातले निम्मे त्या रुक्ष पुस्तकात आहे. लिहिणाऱ्यांचा हेतू फार उदार होता असे मी म्हणणार नाही. माणूस मरू नये आणि पैसा खर्च होऊ नये ह्या दोन इच्छांची ती तडजोड होती. पण तडजोडसुद्धा लिहून ठेवली की तिच्यावर बोट ठेवता येते, हे आम्हा करारवाल्यांना ठाऊक आहे.

स्वराज्य आले तरी 'मदत की मजुरी' हा वाद सुटला नव्हता. राजस्थान सरकारने १९६४ साली कायदा केला की, दुष्काळी कामांवरच्या माणसांना कामगार कायदे लागू नाहीत. एका रस्त्याच्या कामावर बायका राबत होत्या, त्यांना किमान वेतनाइतकेही पैसे पडत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ साली 'संजित रॉय' खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने निकाल दिला की, भूक लागलेली आहे म्हणून माणसाकडून किमान वेतनाखाली काम करून घेणे ही वेठबिगारीच आहे. घटनेच्या तेविसाव्या कलमाने तिला बंदी आहे. सरकार काम देऊन उपकार करते, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. टेंपलसाहेबांच्या रत्तलाला उत्तर मिळावयास एकशे सहा वर्षे लागली.

त्याच सुमारास महाराष्ट्राने एक नवा शब्द कारभारात आणला होता, आणि तो मला ह्या सर्व कोशातला सर्वांत चांगला शब्द वाटतो. तो शब्द 'हमी'. वि. स. पागे ह्यांच्या विचारातून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार दिला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारभत्ता. भत्त्याची रक्कम क्षुल्लक होती आणि तो मिळविताना लोकांच्या चपला झिजल्या, हेही खरे. पण देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे, हे त्या एका शब्दाने सांगून टाकले. बहात्तर साली जे टंचाईचे काम होते, ते मागण्याचा हक्क झाला.

शब्दाचे भांडण त्यामुळे मिटले असे मात्र कोणी समजू नये. २०१५ साली मराठवाड्यात पाऊस गेला. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई, हा आणेवारीचा जुना हिशेब आपणांस ठाऊक आहेच. त्या हिशेबाने सरकारने गावे जाहीर केली ती 'दुष्काळसदृश' म्हणून. दुष्काळासारखे, पण दुष्काळ नव्हे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, आणि २०१६ च्या मे महिन्यात सरकारने सांगितले की जेथे 'दुष्काळसदृश' लिहिले आहे तेथे 'दुष्काळ' असे वाचावे. अशी गावे एकोणतीस हजारांच्या घरात होती. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून गेली. लोकांनी 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हटले. उत्तर आले की नियमपुस्तिकेत असा शब्दच नाही. सवलती मात्र दुष्काळाच्याच देऊ. सवलती दिल्या हे बरे झाले. पण शब्द नसला की सवलत दरवेळी नव्याने मागावी लागते.

हा झाला दुष्काळाच्या घराण्याचा इतिहास. ह्या धंद्याचे दुसरे घराणे आहे ते लढाईचे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी ए.आर.पी. निघाले. खिडक्यांना काळे कागद, भोंगे, डोक्यावर टोप घातलेले वॉर्डन. बाँब आकाशातून पडावयाची वाट पाहत सारे बसले, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी स्फोट झाला तो गोदीत. 'फोर्ट स्टिकिन' ह्या बोटीवर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. कापूस पेटला आणि बोट उडाली. आग विझविताना मुंबईच्या बंबखान्याची ६६ माणसे गेली, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. बंबवाल्यांची संख्या पक्की, कारण त्यांची नावे सरकारी हजेरीपटावर होती. गोदीत मेलेल्या मजुरांचे आकडे निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे सापडतात. रोजंदारीच्या माणसाला कोण मोजतो?

लढाई संपली, घराणे वाढत गेले. १९४६ साली मुंबईत होमगार्ड निघाले. चीन आणि पाकिस्तान ह्यांच्याशी झालेल्या युद्धांनंतर १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला. ह्या घराण्याची भाषा फौजेची आहे: दल, तुकडी, नियंत्रण कक्ष, इशारा, हुकूम. दुष्काळाचे घराणे महसूल खात्याचे, तेथे भाषा मस्टर आणि तगाईची. दोघांचे विळ्याभोपळ्याचे वैर नव्हते. पण सोयरीकही नव्हती.

ती जमविली अमेरिकेने. तिकडेही अणुबाँबच्या भीतीने 'सिव्हिल डिफेन्स'ची खाती गावोगाव निघाली होती. बाँब पडला नाही. पूर आले, वादळे आली, आणि तीच माणसे तेथे धावू लागली. मग राज्यांच्या गव्हर्नरांनी तक्रार केली की, प्रत्येक संकटाला दिल्लीसारख्या वॉशिंग्टनला निराळे खाते गाठावे लागते, सर्वांचे एक करा. १९७९ साली अध्यक्ष कार्टर ह्यांनी 'फेमा' नावाची एकच संस्था काढली. त्याच वेळी कामाचे चार भाग पाडले गेले: संकटाची धार आधीच बोथट करणे, तयारी, प्रत्यक्ष धावपळ आणि नंतरची उभारणी. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हेच चार भाग आहेत. १९५२ साली 'सिव्हिल डिफेन्स कौन्सिल' म्हणून जमलेली तिकडच्या अधिकाऱ्यांची संघटना आज 'इमर्जन्सी मॅनेजर्स'ची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून ओळखली जाते आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्रेही देते. वॉर्डनचा मॅनेजर झाला तो असा.

हे 'इमर्जन्सी मॅनेजमेंट' मराठीत आणावयाचे तर पंचाईत. इमर्जन्सी म्हणजे आणीबाणी. हा शब्द जुना आणि चांगला आहे, पण १९७५ पासून तो उच्चारला की आपल्याला तुरुंगच आठवतो. 'आणीबाणी व्यवस्थापन खाते' अशी पाटी लावली, तर निम्मे गाव घर सोडून पळेल! म्हणून आपण 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणतो. आणि 'मॅनेजमेंट'विषयी मी काय सांगू? आमच्या बोलण्यात मॅनेजमेंट म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारी मंडळी. त्यांच्याशी वाटाघाटी करावयाच्या असतात. भूकंपाशी वाटाघाटी करणारे व्यवस्थापक कसे असतील, असे मला प्रथम वाटले होते. पुढे वाचता वाचता कळले की ह्यात व्यवस्था लावावयाची ती संकटाची नव्हे, माणसांची.

ह्या विषयावर क्वारंटेली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आयुष्य घालविले. १९६३ साली ओहायोत निघालेल्या आपत्ती-संशोधन केंद्राच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांचे म्हणणे असे की, इमर्जन्सी, डिझास्टर आणि कॅटॅस्ट्रॉफी ह्या तिन्हींत आकाराचा नव्हे, जातीचा फरक आहे. मी तो आपल्या भाषेत सांगतो. घर पेटले, बंब आला, ही एक गोष्ट. गाव पेटले, दहा गावचे बंब आले, आणि कोण कोणाचे ऐकावयाचे हे कोणास कळेना, ही दुसरी. बंबखानाच जळाला, कलेक्टर कचेरी पाण्यात गेली, शेजारचे गावही बुडाले, ही तिसरी. आणखी एक गोष्ट ते शोधाअंती सांगत: संकटात लोक सैरावैरा पळतात, लुटालूट करतात हा समज बहुतांशी खोटा, पहिली सुटका शेजारीच करतात. तरीही हुकूम काढणारे बहुधा गर्दीच्या भीतीनेच हुकूम काढतात.

तिसरा एक विचार १९७६ साली आला. ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर ह्या तिघा अभ्यासकांनी 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकात लिहिले की, आपत्ती 'नैसर्गिक' म्हणणे सोडून द्या. भूकंप नैसर्गिक; माणसे मरतात ती गरिबीने आणि घरांच्या रचनेने. आपल्याला हे समजावयास लांब जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भूकंप जगाच्या हिशेबाने फार मोठा नव्हता, पण माळवद माणसांवर आले आणि हजारोंनी माणसे गेली. 'दैवी आपत्ती' हा सरकारी शब्द आपण किती सहज वापरतो! दैवाचे नाव घेतले की जबाबदाराचे नाव घ्यावे लागत नाही.

भोपाळला तर दैवाचे नाव घेण्याचीही सोय नव्हती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायू सुटला तो टाकीतून. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी कलमे घातली गेली, ती आम्ही गेट-सभांत वाचून दाखवीत असू. धोकादायक मालाची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. संकटकाळची योजना लिहून ठेवणे आले. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी आले. आणि एक कलम असे की, धोका समोर दिसत असेल तर तो निदर्शनास आणणे हा कामगाराचा हक्क. ही नुसती तक्रार नव्हे, हे लक्षात घ्या. व्हॉल्व्हजवळ उभा असलेला माणूस ह्या धंद्याचा पहिला जाणकार आहे, हे कायद्याने तेव्हा लिहिले.

आता व्याप्तीकडे. आपल्याकडे आपत्तीचा विषय दिल्लीत किती तरी वर्षे शेतकी खात्याकडे होता, कारण आपत्ती म्हणजे दुष्काळ अशीच समजूत. १९९९ साली जे. सी. पंत ह्यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. आरंभी तिच्याकडे नैसर्गिक आपत्तीच होत्या. मग मानवनिर्मितही दिल्या. समितीने ३१ प्रकार मोजले आणि त्यांचे पाच गट केले. पूर, दरड, भूकंप, अणुदुर्घटना, साथ, चेंगराचेंगरी, सारे आले. २००२ साली विषय गृहखात्याकडे गेला. दुष्काळ तेवढा शेतकी खात्यातच राहिला. दोन घराण्यांची सोयरीक झाली खरी, पण थोरली जाऊ माहेरीच राहिली.

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नैसर्गिक वा मानवी कारणाने, अपघाताने किंवा निष्काळजीपणाने झालेली हानी, जी त्या भागातल्या समाजाच्या सोसण्याच्या ताकदीपलीकडची आहे, ती आपत्ती. 'निष्काळजीपणा' हा शब्द तेथे आहे, हे विसरू नका. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घटनेच्या कोणत्याही सूचीत 'आपत्ती व्यवस्थापन' असा विषयच नाही. मग संसदेने हा कायदा कोणत्या अधिकारात केला? समवर्ती सूचीतील तेविसाव्या नोंदीखाली. ती नोंद आहे सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी ह्यांची. म्हणजे ह्या साऱ्या गणवेशांच्या, भोंग्यांच्या आणि नियंत्रण कक्षांच्या मुळाशी घटनेने पाहिले तर आमचाच विषय आहे, भाकरीचा आणि कामाचा. हे वाचले त्या दिवशी मी ते पान कचेरीत सर्वांना दाखवीत हिंडलो.

२०२० साली ह्याची परीक्षा झाली. १४ मार्चला केंद्र सरकारने करोना ही मदतीस पात्र आपत्ती मानली. सकाळच्या यादीत मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये होते. त्याच दिवशी सुधारलेली यादी निघाली, तीत ते नव्हते. शब्द राहिला, रक्कम गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जूनमध्ये सांगितले की, कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे किमान मदत ठरविणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि सप्टेंबरात पन्नास हजार ठरले. ह्या रकमेचे सरकारी मराठी नाव 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह म्हणजे कृपा. गेलेल्या माणसामागे जे मिळावयाचे ते कृपा म्हणून. 'नुकसानभरपाई' हा शब्द हेतुपुरस्सर टाळलेला आहे, कारण भरपाई म्हटली की कोणी तरी देणेकरी ठरतो.

त्याच कायद्याखाली २९ मार्च २०२० रोजी हुकूम निघाला होता की, टाळेबंदीच्या काळात मालकांनी पगार न कापता द्यावा. आयुष्यात प्रथमच आपत्तीच्या कायद्यात मी 'वेतन' हा शब्द हुकमाच्या रूपाने पाहिला. मालक न्यायालयात गेले. हुकूम १८ मेपासून उठला. मधल्या काळात, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून पायी निघाले होते. ती नोंद रेल्वे अपघातात झाली.

मग ह्या धंद्यात कोण मोडते आणि कोण नाही? पदवीधर मोडतात, मोडावेतच. राष्ट्रीय दलाची माणसे मोडतात. तळेगावजवळची तुकडी ढिगाऱ्यात जे काम करते त्यापुढे मी हात जोडतो. पण ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे प्रथम पाहिले ते एस.टी.च्या चालकाने. रोजच्या फेरीला तो आला आणि त्याला ओळखीची घरे दिसेनात. त्याने कळविले तेव्हा जगाला कळले. चालकाच्या नोकरीच्या नियमांत ह्या कामाला नाव नाही.

मागे एका नगरपालिकेचा पावसाळी आराखडा माझ्या हाती आला. छपाई सुबक होती. पहिल्या पानावर अधिकाऱ्यांची नावे आणि दूरध्वनी. नंतर 'साधनसामग्री' असा तक्ता. त्यात रबरी बोटी दोन, दोर, पंप, जे.सी.बी. एक, करवती, आणि त्यांच्या खाली, त्याच रकान्यात, 'सफाई कामगार – चाळीस'. गटाराचे झाकण कोठे आहे, कोणत्या गल्लीत पाणी आधी चढते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्या चाळीस जणांना ठाऊक. पण आराखडा करताना त्यांच्यापैकी एकालाही बोलाविले नव्हते. त्यांतले तीस ठेकेदाराचे. पुराच्या रात्री ते छातीइतक्या पाण्यात उभे राहतात ती पाळी ठेकेदार कामात धरीत नाही, कारण त्या वेळी रस्ता झाडला जात नाही.

आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. माणूस भला होता. तक्ता वरून आलेल्या नमुन्याप्रमाणे आहे, असे त्यांनी सांगितले आणि नमुना दाखविलाही. बोलणे दोन तास झाले. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात कामगारांचे निराळे पान निघाले. चाळीस नावे आली, प्रत्येकाची गल्ली आली, रक्तगट आला, गमबूट मिळाल्याची सही आली. शेवटचा रकाना 'आपत्कालीन पाळीचा दर' असा आहे. तो अजून कोरा आहे, आणि त्याविषयीची पुढची बैठक मृगाच्या आधी लावावयाची असे ठरले आहे.